पातेल्यातलं घोटभर दूध

रात्री अकराला फ्रिज उघडल्याचा आवाज आला की समजायचं, चिरंजीव अभ्यासाला बसलेत. वय 16, उंची बापाच्या वर. उरलेली भाकरी कुस्करायची, वर दही, शेंगदाण्याची चटणी, कच्चं तेल; मोठ्या ताटात कालवायचं आणि ओट्याशी उभ्यानंच फस्त करायचं. मग दूध. सकाळी पातेलं बघावं तर तळाशी घोटभर दूध मुद्दाम ठेवलेलं. संपवलं तर पातेलं घासावं लागेल ना!

हाच मुलगा मागच्या महिन्यात म्हणाला, "आई, मला प्रोटीन कमी पडतंय." जिममध्ये कुणीतरी साडेतीन हजारांचा पावडरचा डबा सुचवला होता. मी भडकणारच होते, पण म्हटलं, बस, हिशोबच करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात 16 ते 18 वयाच्या मुलांसाठी दिवसाला 55 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं: तीन अंडी 18, अर्धा लिटर दूध 16, पाच चपात्या 15, मूठभर शेंगदाणे 7. झाले 56. आमटी, मटकीची उसळ तर धरलीच नव्हती. मी जिंकल्यासारखी त्याच्याकडं बघितलं.

"अगं, पण यातलं मी रोज खातोय कुठं?"

आता काय बोलणार? साडेसहाचा क्लास, म्हणून सकाळी नुसता चहा आणि दोन बिस्किटं. डब्यातल्या चपात्या मित्र पळवतात, कारल्याची भाजी तेवढी इमानानं घरी परत येते. दुपारी विश्रामबागेत वडापाव, संध्याकाळी भडंग. (सांगलीत राहून भडंगाला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. शेंगदाणे वेचून आधी तोच खातो, हे मात्र बघून ठेवलंय.) दिवसभराची भूक साठून साठून रात्री अकराला फ्रिजवर येऊन आदळते. डायटिंग करणाऱ्या मुलींच्या आया काळजी करतात. मुलगा खातो म्हटल्यावर कोण बघतंय काय खातो नि कधी खातो? मीही नव्हतंच बघितलं.

पावडर तूर्त आणलेली नाही. रात्रीच अंडी उकडून ठेवते. सोलायला वेळ नाही म्हणाला, म्हणून सोलूनही ठेवते. लाड म्हणा हवं तर. तो एक तोंडात कोंबून बुटाची लेस बांधतो, दुसरं जिन्यात संपतं. चपात्या आता आठ देते, मित्रांच्या धरून.

आज सकाळी पातेल्यावरचं झाकण काढलं. घोटभर नव्हतं, चमचाभर होतं.