चाल जुनीच

"पाय बरोबर झालाय बघा ताई. चाल अजून जुनीच हाय."

सांगलीत मारुती चौकाजवळ चपला शिवणारे मामा आज म्हणाले. माझ्या डाव्या चपलेला चार सेंटिमीटरचा जादा थर वर्षानुवर्षं तेच चिकटवायचे. आता तो लागत नाही, म्हटलं दाखवून यावं.

त्यांनी पायाकडे पाहिलंच नाही. काठी सुटल्यावर घेतलेली नवी चप्पल उलटी केली आणि उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. दीड महिन्यात ती झिजलीय. डावीचा तळ जवळपास कोरा!

आखूड डावा पाय लांब करायला हाड कापलं होतं, आणि सहा महिने पायाभोवती कड्या होत्या. इलिझारोव्ह नावाच्या सोव्हिएत डॉक्टरांची पद्धत. रोज चार वेळा नट पाव-पाव मिलिमीटर फिरवायचे, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. (आई याला 'पान्याचं औषध' म्हणायची.) चाळीस दिवसांत लांबी मिळाली, हाड भरायला पुढचे महिने. एक्स-रे बघून सगळ्यांनी पेढे खाल्ले.

आणि मी अजून उजव्यावरच भार टाकून चालतेय. फिजिओथेरपीवाल्या मॅडम आरशासमोर चालायला लावतात ते का, हे आज कळलं. मला वाटायचं, उगाच छळतात.

येताना मुद्दाम डावा पाय पूर्ण टेकवत, मोजत चालले. छान जमत होतं. तेवढ्यात फोन वाजला, बोलत बोलत आमराईपर्यंत आले आणि बघते तर पुन्हा उजवीकडे झुकलेली.

तुमच्यापैकी कुणाचं असं ऑपरेशन झालंय का? न मोजता सरळ चालायला किती दिवस लागले?