खेप ९ : कडू कुठून येत होतं ते सापडलं (मिरची निर्दोष सुटली)

सापडलं एकदाचं! तीन खेपा, चार किलोंवर मांस आणि नवऱ्याचा बराचसा संयम खर्ची पडल्यावर सापडलं.

मागच्या दोन नोंदी वाचणाऱ्यांना रडगाणं पाठ आहे. सहाव्या खेपेपासून माझ्या चिलीला, म्हणजे वाळल्या मिरच्यांच्या टेक्सन मांसरस्स्याला, शेवटी एक कडवट झाक येत होती. तोंडात घेताना नाही, घास गिळल्यावर. जिभेच्या पार मागे, शेगडीवर विसरलेल्या कॉफीसारखी. आठवी खेप मी हौसेने चर्चच्या जेवणाला नेली. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण प्रत्येकाने वाटीवर चीजचा ढीग घातला. इथे टेक्सासात, सॅन अँटोनियोत, कोणी तुमच्या चिलीवर एवढं चीज घालायला लागलं की समजून जायचं.

(चिलीत बीन्स घालायचे की नाही, हा वाद कृपया पुन्हा उकरू नका. टेक्सासातल्या टर्लिंग्वा गावी १९६७ पासून चिलीची स्पर्धा भरते, तिथल्या नियमांत बीन्स, मॅकरोनी, भात सगळं बाद आहे. माझ्या घरातही बाद आहे. राजम्याची उसळ मला आवडते, ती मी राजम्याची उसळ म्हणून करते.)

पहिला संशय अर्थातच मिरचीवर. माझं वाटण तेच जुनं, सगळ्या वाळलेल्या मेक्सिकन मिरच्या : ६ आंचो, ४ ग्वाहीयो, २ पासिया, तिखटपणासाठी २ आर्बोल. देठ-बिया काढून तव्यावर भाजायच्या, गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, वाटायच्या, गाळायच्या. ग्वाहीयोचं साल चिवट, कितीही वाटलं तरी प्लास्टिकसारखे तुकडे उरतात, म्हणून गाळणी सोडायची नाही. वसईला आई उन्हाळ्यात बाटली मसाल्याच्या, म्हणजे आमच्या घरच्या वर्षभराच्या मसाल्याच्या, मिरच्या भाजायची तेव्हा आम्हाला दाराशी उभं करायची. ‘ठसका लागला की ओरडा,’ म्हणजे ती तवा उतरवणार. माझं भाजणं त्याच शाळेतलं. तरीही मनात आलं, आंचोचं साल आपल्या बेडगीपेक्षा जाड, गर जास्त, साखर जास्त. न कळत करपत असेल तर?

म्हणून चार वाट्या मांडल्या. पहिलीत न भाजलेल्या मिरचीचं वाटण. दुसरीत एका बाजूला वीसेक सेकंद, नेहमीसारखं भाजून. तिसरीत मुद्दाम काळे डाग पडेपर्यंत भाजून. चौथीत दुसरीसारखंच, पण साध्या पाण्याऐवजी भिजवलेलंच पाणी घालून वाटलेलं. तिसरी वाटी थुंकावी लागली, ते अपेक्षितच होतं. चौथी किंचित तुरट. पहिली कच्ची, गवताळ. आणि दुसरी? दुसरी मी नुसती चमच्याने संपवली. आधी काळी मनुका, मग चिंचेसारखा आंबूसपणा, शेवटी कोकोची आठवण. कडूचा मागमूस नाही.

म्हणजे मिरची सुटली. भिजवलेलं पाणी मी सातव्या खेपेपासून टाकूनच देते, तेही सुटलं.

मग जिरं. इथे मला स्वतःची खात्री नव्हती, कारण हात मराठी आहे. चरबी तापली की जिरं टाकायचं, हे डोक्याने नाही, मनगटाने होतं. अख्खं जिरं फोडणीत तडतडतं, पण चिलीत पूड जाते आणि कडकडीत चरबीत पूड पाच सेकंदांत काळी. सातव्या खेपेत पूड शेवटच्या अर्ध्या तासात घातली. चव सुधारली, कडू तसंच. ओरेगॅनो बदलून पाहिला. मेक्सिकन ओरेगॅनो आणि पिझ्झावरचा ओरेगॅनो ही दोन वेगळी झाडं आहेत बरं का, मेक्सिकन चक्क आपल्या घाणेरीच्या कुळातला. फरक शून्य. आठव्या खेपेत बिअर काढून टाकली, कारण हॉप्सवाली (हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं) बिअर आटली की कडू होते. तरी कडू.

मधल्या काळात मलमपट्ट्याही केल्या, त्या कबूल करते. पिलोंसियो घातला, म्हणजे गुळाचा मेक्सिकन भाऊ. चिली कडू होती ती कडू-गोड झाली, खोकल्याच्या औषधासारखी. व्हिनेगर घातलं, आंबट-कडू झाली. मिठाने थोडं झाकलं जातं हे खरं, पण झाकून झाकणार किती? शेवटी ती चिली न राहता लोणचं व्हायला लागली.

याच रागात एक ऑनलाइन मिरचीवालाही बाद केला. नाव सांगत नाही. त्याची आंचो हातात घेतली की वाळलेल्या पानासारखी चुरचुर मोडायची. चांगली आंचो चामड्यासारखी वाकते आणि तिला सुकामेव्याचा वास येतो. पिशवी बंद असतानाच बाहेरून दाबून पाहा. मोडली तर ठेवून द्या, कितीही सुंदर लेबल असलं तरी. आता मी पश्चिमेकडच्या एका मेक्सिकन किराणा दुकानातून सुटी घेते. तिथे पोत्यात हात घालून निवडू देतात, वसईच्या बाजारात असल्यासारखं वाटतं. पण कडूपणाशी त्याचाही संबंध नव्हता. बिचाऱ्यावर मी उगाच दोन पानं खरडली होती.

तर चोर वहीत सापडला. माझ्या वहीत एक रकाना आहे, ‘कुठे’. तो मी का आखला होता तेही आठवत नाही. खेप १ ते ५ : ‘घरात’. खेप ६ : ‘अंगणात’. ७ : ‘अंगणात’. ८ : ‘अंगणात’.

पाचव्या खेपेला मांस परतताना धुराचा अलार्म वाजला, मुलगा झोपेतून रडत उठला, आणि नवऱ्याने पुढच्याच शनिवारी प्रोपेनचा बर्नर आणून अंगणात ठेवला. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळायला वापरतात, तो. बर्नर झकास आहे, त्याला नावं ठेवणार नाही. घरातली विजेची कॉइल आणि हा, यांची तुलना म्हणजे समई आणि होळी. मी मात्र घरातल्याच सवयीने त्यावर काम करत होते.

सवय अशी : १.४ किलो चकचे, म्हणजे खांद्याच्या मांसाचे, दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि बिडाच्या भांड्यात चार घाण्यांत परतायचे. एकदम घातले तर पाणी सुटतं आणि मांस परतायच्या ऐवजी शिजतं, म्हणून चार घाणे. एकेक घाणा आठ-नऊ मिनिटं. पहिल्या घाण्यानंतर तळाला सोनेरी खरवड धरते. दुसऱ्यानंतर तपकिरी. तिसऱ्या-चौथ्या घाण्यात मांस छान खरपूस होतं, पण पहिल्या घाण्याची खरवड अर्धा तास त्याच आगीवर बसलेली असते, ती कोळसा होते. काळ्या भांड्यात काळं दिसत नाही. मग मी ऐटीत रस्स्याचं पाणी ओतून लाकडी उलथण्याने सगळं खरवडून घ्यायचे. ‘सगळी चव तळाशी असते,’ हे वाक्य मी इथेच दोनदा लिहिलंय, जुन्या नोंदींत सापडेल, हसून घ्या. तो कोळसा पुढे तीन तास मंद आचेवर उकळत राहायचा, जसा चहा मुरतो तसा.

पण आतापर्यंत चार निष्पापांना पकडून झाले होते, त्यामुळे पुरावा हवा होता. रात्री साडेदहाला, छाटून उरलेलं पाऊण किलो मांस घेऊन अंगणात गेले. पहिला घाणा काढला, अर्धी वाटी पाणी घातलं, खरवडलं, कपात ओतलं. भांडं पुसून पुन्हा सुरुवात, या वेळी तीन घाणे सलग, मध्ये पाणी नाही. मग अर्धी वाटी पाणी, दुसरा कप. पहिला कप प्यायले : नळीच्या रस्स्यासारखा, गोडसर. दुसरा कप कॉफीसारखा काळा, आणि चव... तीच. जिभेच्या मागची, चर्चच्या जेवणातली, अगदी तीच. मी अंगणात एकटीच मोठ्याने हसले. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकला.

इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर मांसाने न झाकलेल्या जागी भांड्याचा तळ २८० अंश सेल्सिअसच्या पुढे. आकडा फार शब्दशः घेऊ नका, चकचकीत चरबीवर हे यंत्र थोडंफार खोटं बोलतं. पण चरबी निळा धूर सोडत होती, एवढं डोळ्यांनाही दिसत होतं. अंगणात वारा असतो, धूर नाकात जात नाही, म्हणून तीन खेपा कळलं नाही. घरात अलार्म होता. ज्याला मी शिव्या दिल्या तोच खरा गुरू.

आता खेप ९. यात तुकडे आधी केलेच नाहीत. अख्ख्या चकचे दोन जाड काप केले, चारेक सेंटिमीटरचे, आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघडे ठेवले. आच मध्यम. एक काप, दोन्ही बाजू, पाच-सहा मिनिटं. काढला, अर्धी वाटी पाणी, खरवड बाजूला. दुसरा काप, तसंच. मग थोडे निवू दिले आणि तेव्हा तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या दोनच बाजू खरपूस, बाकी कच्च्या. मला धाकधूक होती की चव कमी पडेल. अजिबात नाही! उलट तुकडे आतून कोरडे झाले नाहीत. चार घाण्यांची पाऊण तासाची मेहनत पंचवीस मिनिटांवर आली. हे आधी सुचायला हवं होतं, पण जाऊ दे.

पुढचं नेहमीचं : चरबीत कांदा, लसूण, मग वाटण कडेने चरबी सुटेपर्यंत परतलं, मांस, दोन्ही वेळची खरवड, पाणी. उकळी नाही, फक्त मधूनच एखादा बुडबुडा. दोन तास पन्नास मिनिटांनी तुकडा चमच्याने दाबला तर मोडला, पण नुसता ढवळताना शाबूत राहिला. शेवटी दोन टेबलस्पून मासा हरीना पाण्यात कालवून. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून केलेलं हे पीठ, त्याने रस्सा मिळून येतो आणि गरम टॉर्टियाचा वास येतो. कॉर्नफ्लोअर घालणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये.

कडू? नाही. नाही म्हणजे नाहीच. मिरचीची मनुका, चिंच, कोको, सगळं रांगेत उभं. त्यावर मिसळीच्या कटासारखा लाल तवंग. दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये तो तवंग गोठून केशरी लोण्याची वडी झाली होती. त्यातलं चमचाभर घेऊन सकाळी अंडी तळली. चिलीपेक्षा ती अंडी जास्त लक्षात राहतील असं वाटतंय.

एक वाटी शेजारच्या काकांना दिली, जन्माने टेक्सन, सत्तरी ओलांडलेले. वाटी धुतल्यासारखी परत आली, चीज मागितलं नाही. फक्त म्हणाले, कांदा कशाला? मी म्हटलं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड बाईंच्या ‘पेडर्नालेस नदीच्या चिली’तही कांदा आहे, व्हाइट हाउसने ती कृती कार्डावर छापून लोकांना पाठवली होती. काका म्हणाले, त्या कार्डात टोमॅटोही आहे. हा वाद इथेच सोडला. टोमॅटोच्या बाजूने मी भांडणार नाही.

दहाव्या खेपेला फुग्या करायच्या ठरवल्या होत्या. चिलीसोबत खातात त्या सॉल्टीन या खाऱ्या बिस्किटांऐवजी लग्नातल्या आमच्या फुग्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, रस्स्यात बुडवून. आई फोनवर लगेच म्हणाली, ‘मग थोडा बाटली मसालाही टाक.’ नाही टाकणार. चांगला होईल, मला ठाऊक आहे, पण मग ते इंदाळाचं, म्हणजे आमच्याकडच्या आंबट-तिखट मांसरस्स्याचं, चुलत भावंड होईल, चिली उरणार नाही.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. इथल्या मिलिटरी प्लाझावर एकोणिसाव्या शतकात चिली क्वीन्स, म्हणजे चिली विकणाऱ्या बायका, बसायच्या, मेस्किट या इथल्या काटेरी झाडाच्या लाकडांच्या जाळावर भांडी ठेवून. आणि मी आता अख्खे काप भाजते. मग ते भांड्यात कशाला? मेस्किटच्या निखाऱ्यांवर जाळीवर भाजले तर? भांड्याला आच लागायचीच नाही, तळाला काही धरायचंच नाही, खरवडीचा प्रश्नच मिटला. खरवडीची चवही गेली हे आहे, पण थोडी चरबी वेगळी परतून ती भरून काढता येईल. किंवा एक काप जाळीवर, एक भांड्यात. हो, हेच. फुग्या अकराव्या खेपेला.

काकांच्या कुंपणापाशी मेस्किटची एक फांदी पडली आहे, ती मागायला आत्ताच जाऊन आले. घेऊन जा म्हणाले, पण गेल्याच महिन्याच्या वादळात मोडली आहे, अजून ओली. ओल्या मेस्किटचा धूर मांसाला कडू करतो म्हणे.

कडू! उद्या दुकानातून कोळशाची पिशवी आणते.