उजनीचे रोहित बघायला होडी? अजिबात नको

सरळ सांगतो, उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, बघायला होडीचे पैसे घालवू नका. आम्ही १४०० घालवले. फोनवर ८०० ठरले होते. परत काठाला लागल्यावर 'पक्ष्यांजवळ नेल्याचे वेगळे' म्हणून ६०० चढले. जवळ म्हणजे किती, तर चांगली अडीचशे पावलं लांब!

सोलापुरातनं पहाटे निघालो, टेंभुर्णीवरून जेऊरच्या रस्त्याला लागलो आणि उन्हं वर यायच्या आत करमाळा तालुक्यातल्या काठावर. मार्चचा पहिला आठवडा, पाणी बरंच हटलेलं. होडीवाला म्हणाला, "साहेब, रोहितला हात लावून या." अर्ध्या तासात होडीचा तळ गाळात टेकला.

माझंही चुकलंच. त्या पक्ष्याची ठेवण आठवली असती तर हे घरी बसून कळलं असतं. असल्या काटकुळ्या पायांचा पक्षी चरायला उथळातच उभा राहणार, आणि तिथं होडी जाणार कशी? त्याची चोच मध्येच खाली वाकलेली. डोकं उलटं करून ती पाण्यात घालतो, जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागंपुढं करतो; पाणी बाहेर जातं, शेवाळ आणि बारीक जीव चोचीच्या कडेच्या झालरीत अडकतात. गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो.

मग होडीवाल्यानं सुचवलं, "उतरून चाला की, घोट्याएवढंच आहे." हे कुणीही, कधीही ऐकू नये. गाळावर वाळलेला पापुद्रा असतो, भेगाळलेला, अगदी रानासारखा दिसतो. दहा पावलं बरी गेली. अकराव्याला गुडघ्यापर्यंत आत. पाय ओढला तर पाय आला, बूट नाही आला. त्याच वेळी माझ्या शेजारून एक शेकाट्या पक्षी टुकूटुकू चालत गेला, लाल पायांवरचं ते मूठभर वजन. रोहित वजनदार, पण त्याच्या बोटांमध्ये पडदा असतो, भार पसरतो. वर तो तेच पाय आपटून गाळ ढवळतो आणि खाणं वर काढतो. आपल्याला ना पडदा, ना हलकेपणा. ती दहा-अकरा पावलं परत यायला अर्धा तास लागला.

म्हणून पक्ष्याचे पाय आणि चोच बघा आणि मग काठ की होडी ते ठरवा. रोहित, चमचा, चित्रबलाक हे पक्षी काठावरूनच बघा, दुर्बीण हवीच. चमचा चपटी चोच डावी-उजवी फिरवत चालतो, चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात धरतो आणि मासा लागला की खटकन मिटतो. दोघांचंही काम नजरेपेक्षा स्पर्शावर, त्यामुळं गढूळ पाणी त्यांना चालतं. मुग्धबलाकाच्या चोचीतली फट बघून 'मोडली वाटतं' म्हणू नका. गोगलगायी खाणाऱ्याची चोच आहे ती. होडी घ्यायचीच तर खोल पाण्यातल्या पाणकावळ्यांसाठी घ्या. त्यांची पिसं भिजतात, म्हणून बुडी सोपी जाते आणि नंतर पंख पसरून वाळवत बसावं लागतं. मासे धरायच्या जाळ्यांच्या खुंटांवर हमखास सापडतील.

दर होडीचा की माणशी, हे बसण्याआधी विचारा. 'जवळ' म्हणजे कुठं, तेही बोट दाखवून विचारा. गाळपेरीच्या, म्हणजे पाणी हटल्यावर गाळात पेरलेल्या, शेतातनं काठाला जाताना मालकाला हाक मारा, आणि नऊच्या आत बघून घ्या, नंतर ऊन सोसवत नाही.

जेवण झकास होतं, चिलापी मासळी ताजी. परतताना टेंभुर्णीत १५० रुपयांची चप्पल घ्यावी लागली. ती वरच्या १४०० मध्ये धरलेली नाही.