आऊट झालेल्यांचं काय करायचं?

"दादा, खेळांचं तेवढं तू बघ," असं बहिणीनं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, त्यात बघायचं काय असतं? खेळणार मुलं, भांडणार मुलं. आपण नुसतं गाणं लावायचं आणि बंद करायचं. भाचीचा सहावा वाढदिवस. तिला धरून बारा मुलं. सोफा भिंतीला लावून झाला होता, मधे अकरा खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या होत्या, आणि फोन माझ्या हातात होता.

संगीत खुर्चीत गाणं बंद करणारा माणूस ही केवढी मोठी असामी असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानं मुलांकडे पाठ करून उभं राहायचं, असा दंडक आहे. मी राहिलो. पण समोर कपाटाची काच होती आणि काचेत सगळं दिसत होतं. निळ्या फ्रॉकवाली प्रत्येक खुर्चीपाशी रेंगाळायची आणि कोपरा आला की सुसाट पळायची. एका चष्मेवाल्याचा हात खुर्चीच्या पाठीवरून सुटतच नव्हता. एक सोडली की दुसरी धरलेलीच. गाण्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे माझ्या अंगठ्यावर. खरोखर नाचत होता तो एकटा भाचा, वय वर्षं चार. हात वर, डोळे मिटलेले. गाणं थांबलं. अकरा जण धपाधप बसले आणि हा नाचतच राहिला.

"आऊट! आऊट!" अकरा तोंडांनी एकदम निकाल दिला.

आता हिशेब बघा. बारा मुलं, अकरा खुर्च्या, म्हणजे अकरा फेऱ्या. एका फेरीत गाणं, मग झटापट, मग "मी आधी बसलो" आणि "ती माझ्या मांडीवर बसली" हा खटला, मग खुर्ची उचलून बाजूला ठेवणं. दीड मिनिट तरी जातंच. म्हणजे पहिल्याच फेरीत बाद झालेल्या पोराला पुढच्या दहा फेऱ्या, पंधरा मिनिटं, हाताची घडी घालून बसायचं असतं. चार वर्षांच्या माणसाला पंधरा मिनिटं म्हणजे एक युग झालं. शिवाय बाद होतं ते बहुतेक वेळा सगळ्यांत लहान, सगळ्यांत भिडस्त नाहीतर सगळ्यांत रमलेलं मूल. ज्याला खेळायला मिळायला हवं, तेच आधी बाहेर.

पाच फेऱ्या झाल्या तेव्हा पाच जण रिकामे होते. दोघांनी सोफ्याच्या उशा ओढून कुस्ती सुरू केली होती. एक जण भिंतीवरचे फुगे नखानं टोकरून बघत होती. एक टेबलाखाली गेला होता, का ते कळलं नाही. आणि भाचा भेटवस्तूंच्या ढिगापाशी मांडी घालून एकेका खोक्याची चिकटपट्टी अतिशय शांतपणे, कडेनं, अजिबात न फाडता सोडवत होता. शेवटच्या एका खुर्चीभोवती दोघं जण घाण्याला जुंपल्यासारखे फिरत होते, तेव्हा टाळ्या वाजवायला फक्त मोठी माणसं उरली होती.

जर्मन मुलं याच खेळाला 'जेरुसलेमची यात्रा' म्हणतात. काय नाव आहे! यात्रेला निघाले बारा आणि पोचला एक.

आपल्याकडे या दुखण्यावर एक जुनं औषध आहे, ते म्हणजे कच्चा लिंबू. हा शब्द ज्यानं काढला त्याला माझा दंडवत. कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. लहान भावंडाला खेळात घेतल्याशिवाय घरातून सुटका नसायची, त्या गरजेतूनच हे पद निघालं असावं. पण हे औषध वाढदिवसाला चालत नाही. बक्षीस मधे आलं की कच्च्या लिंबाची सोय संपते. उद्या तो जिंकला तर? मी भाच्याला "तू कच्चा लिंबू" म्हणून परत आत घेतला, तर चष्मेवाल्यानं लगेच विचारलं, "मग शेवटी हाच उरणार ना?" मुद्दा बिनतोड होता.

खुर्च्यांचाच एक उलटा प्रकार मी ऐकून होतो. त्यात खुर्ची काढायची, मूल काढायचं नाही. अकरा खुर्च्यांवर बारा, मग दहांवर बारा, करत करत चार खुर्च्यांवर सगळ्यांनी कसंही करून मावायचं. कॅनडाचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ टेरी ऑर्लिक यांनी १९७० च्या दशकात अशा सहकाराच्या खेळांचा मोठा पुरस्कार केला. आम्ही खेळून पाहिला. मांडीवर मांडी, त्यावर तिसरा, त्याच्या गळ्यात चौथा. चार खुर्च्यांपर्यंत मुलं हसून हसून गळपाटली. पण खरं सांगतो, खेळ संपल्यासंपल्या निळ्या फ्रॉकवालीनं विचारलं, "मामा, मग जिंकलं कोण?" सगळेच, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की परीक्षेत सगळ्यांना सारखेच मार्क देणारा मास्तर मीच. कुणी हरू नये ही मोठ्यांची हौस आहे. मुलांना हरण्याचं फारसं काही वाटत नाही. त्यांना बाहेर बसायचं नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या मला त्या संध्याकाळी कळल्या.

मग स्टॅच्यू घेतला. गाणं थांबलं की जिथं आहे तिथं, आहे तसं गोठायचं. हलला तो बाद. पण या वेळी मी एक घटना-दुरुस्ती केली. जो बाद होईल तो पंच. पंचानं उरलेल्यांच्यात फिरायचं, हात लावायचा नाही, बाकी काहीही करून हसवायचं. पहिला बाद अर्थातच भाचा. तो चष्मेवाल्यासमोर जाऊन उभा राहिला, नाकाला नाक भिडेल इतका जवळ, आणि काहीच केलं नाही. नुसता बघत राहिला. चष्मेवाल्याच्या ओठाचा डावा कोपरा आधी थरथरला, मग गाल फुगले, मग नाकातून एक विचित्र आवाज आला. "हलला! हलला!" असा पुकारा करत भाच्यानं खोलीभर एक फेरी मारली. इतका कडक पंच मी पाहिलेला नाही. डोळ्यांची पापणी लवली म्हणूनसुद्धा त्यानं एकीला काढली.

माझी युक्ती साधली, असं मला जेमतेम तीन मिनिटं वाटलं. तिसऱ्या डावात गाणं थांबताच आठ जणांनी मुद्दाम हातपाय झाडले. सगळ्यांनाच पंच व्हायचं होतं. पुतळे चार आणि पंच आठ. खेळाचं पार सरकारी खातं झालं.

ज्यात बाद होणंच नाही, असे खेळ शोधायला गेलं तर पुष्कळ आहेत, आणि ते जुनेच आहेत. कानगोष्टी घ्या. गोल बसायचं, पहिल्यानं दुसऱ्याच्या कानात वाक्य सांगायचं, तेही एकदाच. परत विचारायचं नाही. जर्मनीत याला 'मूक टपाल' म्हणतात, इटलीत 'बिनतारी टेलिफोन' आणि तुर्कस्तानात 'कानाकडून कानाकडे'. मी सुरुवातीला दिलेलं वाक्य होतं, "काकांच्या चष्म्यावर माशी बसली." बाराव्या कानातून बाहेर आलं, "काकूंच्या चिमट्यात मावशी फसली." यात गंमत अशी, की ज्यानं चुकवलं तोच खेळाचा खरा धनी. बारा मुलांनी वाक्य जसंच्या तसं पोचवलं असतं तर तो काय खेळ झाला असता? माझी एकच सूचना: वाक्य फार लांब नको आणि फार सोपंही नको. आणि ओळीत शेवटी जरा धीट मूल बसवा. तोंडात आलेलं काहीही मोठ्यानं म्हणायला धाडस लागतं.

गाढवाला शेपूट लावण्याचंही तेच. डोळे बांधायचे, तीन गिरक्या द्यायच्या आणि हातात शेपूट द्यायचं. टाचणी नको, मागे चिकटपट्टी लावावी. शेपूट नेमक्या जागी लागलं तर सौम्य टाळ्या, कानाला लागलं तर घर डोक्यावर. जपानमधे नववर्षाला असाच एक खेळ खेळतात, फुकुवाराई. चेहऱ्याचा नुसता आकार समोर असतो, आणि डोळे बांधून भुवया, डोळे, नाक, तोंड मांडायचं असतं. कपाळावर तोंड आणि हनुवटीवर डोळा, असा प्राणी तयार झाला की सगळे लोळतात. कागदावर आधी काढून, कापून ठेवलं की पाच मिनिटांत हा खेळ घरात उभा राहतो, आणि प्रत्येक जण चुकायलाच आलेला असल्यामुळे रडारड नाही.

आंधळी कोशिंबीर मात्र मी घरात खेळू देत नाही. खेळ थोर आहे, त्याबद्दल वादच नाही. प्राचीन ग्रीक मुलं तो 'पितळी माशी' या नावानं खेळायची, आणि पीटर ब्रॉयगेलनं १५६० साली शेकडो मुलांचे खेळ एकाच चित्रात रंगवले, त्यातही तो आहे. पण ब्रॉयगेलच्या चित्रात काचेचं टीपॉय नाही.

पार्सल हा प्रकार जरा मेहनतीचा आहे, पण मेहनत आदल्या रात्री करायची असते. मधे छोटीशी वस्तू, तिच्यावर वर्तमानपत्राची वेष्टनं, प्रत्येक वेष्टनात एक चिठ्ठी. गाणं चालू असेतो पार्सल हातोहात फिरवायचं, थांबलं की ज्याच्या हातात असेल त्यानं एक वेष्टन फाडायचं. चिठ्ठीत काहीतरी करायला सांगायचं: माकडासारखं खाजव, शेजारच्याचं कौतुक कर, एका पायावर दहा मोज. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की शेवटी उघडायची चिठ्ठी सगळ्यांत आधी गुंडाळायची. मी पहिल्यांदा हे उलटं केलं होतं आणि "आता हे शेवटचं" असं लिहिलेली चिठ्ठी पहिल्याच मुलीच्या हातात पडली होती. वेष्टनं मुलांइतकी करावीत. आणि पार्सल कुणाच्या हातात असताना गाणं थांबवायचं, यात गाणं थांबवणाऱ्यानं लबाडी करावी. हो, सरळ लबाडी. इथे कुणाकडे पाठ करायची नाही. प्रत्येकाला एक वेष्टन फाडायला मिळालंच पाहिजे. संगीत खुर्चीतला माझा प्रामाणिकपणा ज्यांना नडला, त्यांची भरपाई मी इथे केली. भाच्याकडे पार्सल आलं की तो ते पुढे देतच नव्हता, पोटाशी धरून बसायचा. त्यामुळे त्याच्यासाठी फार लबाडी करावी लागली नाही.

मुलं दमली की ताटाचा खेळ काढावा. वीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट बघू द्यायच्या, वर टॉवेल टाकायचा आणि विचारायचं. इंग्रजीत याला 'किम्स गेम' म्हणतात. रडयार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या कादंबरीतला किम हेरगिरी शिकताना हे करतो, आणि पुढे बेडन-पॉवेलनं ते बालवीरांच्या शिक्षणात घेतलं. आमच्याकडच्या हेरांना चौदा, सोळा, अकरा अशा वस्तू आठवल्या. भाच्याला तीनच. चावी, बटण आणि "ताट!" ताट आमच्या यादीत नव्हतं. पण ते होतं, हे नाकारता कसं येईल?

सगळ्यांत शेवटी फुगा. रबरी फुगा मायकेल फॅरडेनं १८२४ साली वायूंच्या प्रयोगांसाठी बनवला होता. त्याला कल्पनाही नसेल. खेळ एका ओळीचा आहे: फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही. यात मूल विरुद्ध मूल असं नसतंच, सगळे मिळून जमिनीविरुद्ध. फुगा आकारानं मोठा आणि वजनाला काहीच नाही, त्यामुळे हवा त्याला अडवते आणि तो दमानं उतरतो. चेंडू चार वर्षांच्या मुलाची वाट बघत नाही, फुगा बघतो. भाचा खालून हात उंचावून उभा राहायचा, फुगा डुलत डुलत त्याच्याच हातावर यायचा, आणि बाकीचे ओरडायचे, "मार! मार!" एक फुगा नीट जमला की दुसरा सोडायचा, मग तिसरा. बारा मुलं आणि चार फुगे झाले की आवाज इतका होतो, की शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र तिथल्या तिथे उचलायचे. लहान मुलं ते तोंडात घालतात आणि तो तुकडा घशात गच्च बसतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी तशी सूचना छापावीच लागते. मी एक मोठं माणूस फक्त त्या कामावर ठेवलं होतं. पुन्हा कधी खेळ घेतले तर दोन ठेवीन.

मंडळी गेली. मी सोफा सरकवायला आलो, तर खुर्च्या कुणीतरी परत पाठीला पाठ लावून मांडल्या होत्या. अकराच्या अकरा. भाचा त्यांच्याभोवती एकटाच फिरत होता. गाणं तोच म्हणत होता, हात वर, डोळे मिटलेले. मग त्यानं स्वतःच गाणं तोडलं. अकरा खुर्च्या रिकाम्या, आणि हा एकीवरही बसला नाही.

"मी आऊट!" असं ओरडून तो माझ्याकडे पळत आला, नाकाला नाक भिडेल इतका जवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, स्टॅच्यू."