दुधाच्या हिशेबाशेजारी

शुक्रवार, रात्री साडेनऊ. कॅन्सरमुळे प्रोस्टेटची ग्रंथी काढली, त्या ऑपरेशनला आज ७१ दिवस झाले.

आज दिवसभरात ९६ ग्रॅम लघवी गळली. कॅलेंडरवर आजच्या चौकटीत हिने दुधाचं 'दीड' लिहिलंय, त्याच्याखाली मी पेन्सिलीने ९६ लिहिलं. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी काढली त्या आठवड्यात हाच आकडा ४१२ होता. ओलं पॅड पिशवीत बांधून काट्यावर ठेवायचं आणि कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पोस्टाच्या काउंटरवर छत्तीस वर्षं पाकिटं तोलली. २० ग्रॅमच्या आत असलं की साधं तिकीट. काल रात्रीचं पॅड १८ भरलं. खरं वाटेना, म्हणून काटा पुसून पुन्हा ठेवून पाहिलं. १८च.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. प्रोस्टेट अक्रोडाएवढी, मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. ती पूर्ण काढली की मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप मिटून राहणारा स्नायू कामाचा राहत नाही आणि सगळा भार खालच्या एका स्नायूवर येतो. तो तयार होईपर्यंत गळणार. हे सांगितलं होतं, पण त्या दिवशी माझ्या कानात 'कॅन्सर' हा एकच शब्द शिरला होता. आता पीएसए, म्हणजे कॅन्सर उरलाय का ते कळायला रक्तात तपासतात तो आकडा, ०.१ च्या खाली आहे. त्याबद्दल मी देवाचे आणि डॉक्टरांचे दोघांचेही आभार मानतो. तरीही खुर्चीतून उठताना मांडीवरून ऊन ओघळ उतरला की पीएसए आठवत नाही.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. पाणीच कमी केलं. प्यायलोच नाही तर गळेल काय, असा विचार. चार दिवसांत लघवी गडद पिवळी झाली, जळजळ सुरू झाली आणि पुन्हापुन्हा जाण्याची घाई वाढली. घट्ट लघवीने मूत्राशय जास्तच चिडतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पाणी दिवसभर थोडंथोडं प्यायचं, संध्याकाळी सातनंतर आवरतं घ्यायचं. चहा मात्र कमी करायला लावला. सकाळचा एक कप ठेवलाय, दुपारचा सोडला. दुपारचा चहा सोडणं मला नळीपेक्षा अवघड गेलं, हे खरं.

मेडिकलमधून पॅड आणायला पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानात ओळखीच्या दोन बायका होत्या. त्या जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभा राहिलो. दुकानदाराने न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिलं. घरी आल्यावर ही ती पिशवी हातात घेऊन थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अहो, माझं सामान पण असंच यायचं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही." लग्नानंतरची पहिली बरीच वर्षं तर पॅडही नव्हती. जुन्या लुगड्याच्या घड्या, धुऊन वाळत घालायच्या त्याही परकराखाली झाकून. त्याच घरात मी राहत होतो आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तिने मला सगळं शिकवलं. सैल पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत पॅड जागेवर राहत नाही, घट्ट चड्डी लागते. ओलं झाल्यावर "अजून थोडं चालेल" म्हणायचं नाही, लगेच बदलायचं. कातडी टिपून कोरडी करायची, घासायची नाही, मग खोबरेलाचं पातळ बोट. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर जुन्या सुती चादरीची चौघडी, म्हणजे रात्री एवढीच घडी काढली की झालं.

फिजिओथेरपीच्या मुलीने व्यायाम दाखवला. "काका, चारचौघांत वारा अडवताना जे आत ओढून घेता, तेवढंच आकसा. पोट नाही, मांड्या नाहीत, श्वास रोखायचा नाही." दहा मोजेपर्यंत धरायचं, दहा मोजेपर्यंत सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिंक येतेय असं वाटलं की आधीच आकसून घ्यायचं. संध्याकाळी स्नायू थकतो, त्यामुळे सकाळपेक्षा रात्री आठनंतर जास्त गळतं. त्याने खचायचं नाही. कित्येकांना वर्षभर लागतं. त्यानंतरही राहिलं तर आधाराची पट्टी बसवण्याचं किंवा कृत्रिम झडप बसवण्याचं ऑपरेशन असतं. पण ते पुढचं पुढे.

तिनेच सांगितलं की हा व्यायाम मुळात बाळंतीण बायकांसाठी होता. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने तो १९४८ साली मांडला. ते ऐकलं आणि मला आई आठवली, दोन दिवस तीच मनात आहे. आईची सहा बाळंतपणं, सगळी १९४८ नंतरची. ती खोकताना भिंतीला हात लावून मांड्या आवळायची. शेवटची आठ-दहा वर्षं तिने लग्नाकार्याला येणं सोडलं होतं. "तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात." एस.टी.त बसायलाही तयार नसायची. तिच्या खोलीत वास यायचा म्हणून मी एकदा तिच्यावर ओरडलो होतो. ती काही बोलली नाही. दुपारी तिने स्वतःच सतरंजी धुतली, पंचाहत्तराव्या वर्षी, मोरीत बसून. मला ती पिळायला बोलावलंसुद्धा नाही. कोणीतरी तिला हे दहा आकडे मोजायला शिकवायला हवं होतं. मी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. गुडघे दुखतात हे मी खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं.

परवा रविवारी कराडला आतेभावाच्या मुलीचं लग्न आहे. गेल्या आठवड्यात मीही गुडघ्याचंच कारण सांगणार होतो. आज सकाळी फोन करून येतो म्हणून सांगितलं. साताऱ्याहून तासाभराचा रस्ता. निघताना जाऊन यायचं, उंब्रजला गाडी थांबवायची. गडद रंगाची पँट. हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची. पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा कधी नसतोच, त्यामुळे वापरलेलं पॅड ठेवायला जाड पिशव्या बरोबर. हिने संध्याकाळी आहेराच्या साडीखाली तीन पॅड आणि एक पँट ठेवलीसुद्धा.

दहा वाजत आले. तिसऱ्या वेळचा व्यायाम राहिलाय.