आमची वाटचाल : कुटाच्या पुढे

मराठी घरात दाण्याच्या कुटाचा डबा रिकामा राहत नाही, मग ते घर पुण्यात असो की बडोद्यात, दांडिया बाजारात. आमचा धंदा त्याच डब्यातून निघाला. कूट करताना मिक्सर बंद करायला मी विसरले, दाण्यांना तेल सुटलं आणि भांड्यात पीनट बटर! जाऊबाई रागावल्या, मुलांनी मात्र बोटांनी चाटून भांडं साफ केलं.

पहिल्या दिवाळीला वर चॉकलेटचं कवच, आत गोड पीनट बटर, असे चाळीस खोके केले. आठवड्यात एका गुजराती बेननी फोन केला, "आमां तो फूग लागी छे!" बुरशी नव्हती ती, पण चॉकलेट पांढरं पडलं होतं खरं. सगळ्यांचे पैसे परत केले. ती दिवाळी आम्ही चिवड्यावर काढली.

चूक दुहेरी होती. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांवर वितळवून 27-28 पर्यंत उतरवायचं आणि परत 31-32 वर आणायचं असतं, तरच ते चकाकतं आणि कटकन तुटतं, नाहीतर पांढरं पडतं. आम्ही नुसतं वितळवून साच्यात ओतत होतो. शिवाय दाण्याचं तेल आतून कवचात झिरपत होतं. कंपाउंड चॉकलेट वापरलं असतं तर हे तापमानाचं झंझट नव्हतं, कारण त्यात कोको बटरच्या, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीच्या जागी वनस्पती तेल असतं. पण ते जिभेवर मेणासारखं रेंगाळतं. नको वाटलं. आता सारणात थोडं कोको बटर वितळवून घालतो, म्हणजे ते घट्ट बसतं. तेल तरीही पूर्ण थांबत नाही, म्हणून तीन आठवड्यांत संपवा असं खोक्यावर लिहितो.

साखरेऐवजी गूळ घालायची हौस मलाच. पाक करून ओतला. पाण्याचा अंश लागला आणि सगळं सारण पिठाच्या गोळ्यासारखं आळलं. त्याचे लाडू वळून शेजारी वाटले. लोकांना ते आवडले, हे जाऊबाई अजून ऐकवतात.

दाणे बडोद्याच्या घाऊक बाजारातून, हाथीखान्यातून आणतो. 'बोल्ड' आणि 'जावा', दाण्याचे दोन्ही प्रकार वापरून पाहिले. आम्हाला जावाची गोडी पटली. सौराष्ट्रातला नवा माल नेमका दिवाळीच्या सुमारास येतो आणि तेव्हा दाणा ओलसर असतो. मंद आचेवर जास्त वेळ भाजावा लागतो, घाई केली की वरून करपतो, आत कच्चा. सालं पाखडायला अजून सासूबाईंचं सूपच.

कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि उन्हाळ्यात बडोदं 40 ओलांडतं. एसी लावून पाहिला, वीजबिलाने नफा खाल्ला. त्यामुळे धुळवडीनंतर चॉकलेट बंद. फक्त पीनट बटरच्या बरण्या आणि दाण्याचे लाडू. मे महिन्यात कुणी काकू हटून बसल्याच, तर जाऊबाई त्यांच्या हातात लाडूंचा डबा ठेवतात.

एकदा एका आईने मुलासाठी साधं, बिनदाण्याचं चॉकलेट मागितलं. त्याला दाण्यांची ॲलर्जी होती. ऑर्डर मोठी होती. पण आमचं स्वयंपाकघर एकच, भांडी तीच. नाही म्हणालो. तेव्हापासून साध्या चॉकलेटच्या खोक्यावरही ठळक लिहितो : यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो.