काड्यांचं गणित: चौकोनी सेट तयार, गुणाकार जमायला लागला

मंडळी, जुन्या चिनी पद्धतीने काड्या मांडून आकडेमोड करतात ना, त्या काड्यांचा नवीन सेट झाला एकदाचा. आधीचा चीनच्या हान राजवटीच्या मापाचा होता, 'हानशू' या तिच्या इतिहासग्रंथात दिलंय तसा, 6 त्सुन (लांबीचं चिनी माप) लांब म्हणजे आजचे साधारण 14 सेंमी, गोल, आणि 271 काड्यांची षटकोनी मोळी. मोळी दिसते भारी, मधे 1, भोवती 6, मग 12, मग 18 असे नऊ वेढे झाले की बरोबर 271 भरतात. पण मांडायला बसलं की चार आकड्यांत टेबल संपतं आणि काड्या गडगडतात त्या वेगळ्याच. म्हणून यावेळी नंतरच्या स्वै राजवटीचं माप घेतलं, 3 त्सुन, अंदाजे 9 सेंमी (तोवर त्सुनच मोठा झाला होता). तिथे धन काड्या त्रिकोणी आणि ऋण काड्या चौकोनी सांगितल्यात, मी सरसकट चौकोनी केल्या, त्रिकोणी तासत कोण बसणार. बांबूच्या कामट्या चिरल्या, पॉलिश पेपरने घासल्या, आता जागच्या हलत नाहीत.

नवीन लोकांसाठी पटकन: 5 पर्यंत तेवढ्याच काड्या, 6 पासून वर एक आडवी म्हणजे 5 आणि खाली उरलेल्या उभ्या. ही झाली एकंची मांडणी, दहंला सगळं आडवं फिरवायचं, शतं परत उभं, सहस्र परत आडवं. शून्याला घर मोकळं. 207 मांडलं तर 2 पण उभा 7 पण उभा, दोन उभे शेजारी दिसले की समजायचं मधलं घर रिकामं आहे. लोक याचं लई कौतुक करतात पण 2007 ला काय करणार, तिथे 2 आडवाच पडतो, अगदी 27 सारखा, सगळी भिस्त अंतरावर. गोल शून्य लिहिलेलं दिसतं ते थेट छिन च्यौशाओ या चिनी गणितीच्या 1247 च्या ग्रंथात. मी सरळ चौकटी आखलेलं कापड अंथरतो.

आता गुणाकार. 'सुन्झी स्वानचिंग' या जुन्या चिनी गणिताच्या पुस्तकातलं 81 गुणिले 81 घेतलं. वर 81, खाली 81, मधली ओळ उत्तराला. खालचं 81 डावीकडे सरकवायचं, त्याचा 1 वरच्या 8 खाली येईल असं. आठ आठे चौसष्ट, मधे 6400. आठ एके आठ, 80 टाकले, 6480. वरचा 8 उचलला, खालची ओळ एक घर उजवीकडे. आता वरच्या 1 ने अजून 80, आणि इथे खरी मजा आहे, हातचा डोक्यात ठेवावाच लागत नाही, दहंच्या घरातल्या चार काड्यांच्या दोनच उरतात आणि शतंच्या चार उभ्यांशेजारी पाचवी जाऊन बसते. खालचा 8 उचलला, एक एके एक, 6561. वरखाली सगळं साफ, टेबलावर फक्त दहा काड्या. रफ काम शिल्लकच नाही, त्यामुळे तपासायचं तर पहिल्यापासून मांडा, हे मात्र मला अजून खटकतं.

पुढचा टप्पा 'नऊ प्रकरणं' या प्राचीन चिनी गणितग्रंथातलं आठवं प्रकरण, समीकरणं. पहिलंच उदाहरण तीन प्रतींच्या धान्याचं, उत्तमच्या 3 पेंढ्या, मध्यमच्या 2, कनिष्ठची 1 मिळून 39 माप, अशी तीन समीकरणं तीन उभ्या रकान्यांत. उत्तमच्या एका पेंढीचं उत्तर येतं सव्वानऊ माप. त्याच प्रकरणात पुढे ऋण संख्या लागतात आणि या ग्रंथाचा भाष्यकार ल्यू हुई याने इ.स. 263 च्या टीकेत लाल म्हणजे धन, काळी म्हणजे ऋण असं दिलंय, आपल्या हिशेबाच्या बरोबर उलट, तेव्हा डोकं फिरणार आहे. अर्ध्या काड्या रंगवायला घेतल्यात पण ऑइल पेंट चिकट राहतोय, बांबूवर पटकन सुकणारं दुसरं काय वापरता तुम्ही?